ब तुकडीचे साहेब

गुजरातेत इडरच्या पुढच्या त्या शाळेत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा एक माणूस स्टुलावर उभा राहून फाटका नकाशा टांगत होता. मी खालूनच विचारलं, "शिपाईभाई, मोठे साहेब कुठे भेटतील?"

"मोठे साहेब रजेवर. शिपाईभाईसुद्धा. मी आपला पाचवीचा मास्तर, निकुंज बारोट. तो खिळा द्याल का जरा?"

मेले लाजेनं. खिळा दिला.

आमचं कॉलेज एवढंसं, एम.एड.ला आम्ही सातच जण. माझा लघुप्रबंध अपूर्णांकांवर होता. पाचवीच्या एका तुकडीला मी रोटल्याचे, म्हणजे भाकरीचे, तुकडे करून, कागदाच्या घड्या घालून शिकवायचं. दुसऱ्या तुकडीला निकुंजसाहेबांनी त्यांच्या नेहमीच्या रीतीनं. महिन्यानं दोन्ही तुकड्यांची एकच परीक्षा. नाणं उडवलं; 'अ' माझ्याकडे आली, 'ब' त्यांच्याकडे.

मधल्या सुट्टीत ते डबा पुढे सरकवायचे. "घ्या ऊर्वीबेन, थेपले. शत्रूच्या घरचे आहेत, पण विष नाही."

"शत्रू कसले? तुम्ही नुसते तुलनेला आहात."

"अरेरे... म्हणजे तेवढाही मान नाही?"

हळूहळू परतीची बस उशिरा यावी असं वाटायला लागलं, तेव्हाच मी ओळखलं — आपलं काही खरं नाही.

परीक्षेत माझी तुकडी सरासरी चौदा गुणांनी पुढे गेली. माझे मार्गदर्शक पंड्यासर खूश झाले. मी पेढे घेऊन शाळेत गेले. ब तुकडीतली जिगीषा पेढा चघळत म्हणाली, "बेन, साहेब या महिन्यात नुसतं पुस्तकातून उतरवून घ्यायचे. एरवी किती मजेनं शिकवतात."

मी तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मुद्दाम वाईट शिकवलंत?"

ते हातावरचा खडू पुसत राहिले. "तुमची पदवी अडू नये म्हणून..."

"ती पोरं काय माझ्या पदवीसाठी जन्मली? त्यांचा महिना फुकट गेला. हे आकडे मी देऊ शकत नाही."

"चुकलं. फार चुकलं. पण ऊर्वी — तुम्ही हरून रडत बसमध्ये चढलेलं मला बघवलं नसतं."

'बेन' कुठल्या कुठे गळून गेलं होतं. मला संताप आला होता, रडू येत होतं, आणि या वेड्या माणसावर माझा जीव जडला होता.

पंड्यासरांना मी खरं ते सांगितलं. ते भडकले, मग म्हणाले, "आधी ब तुकडीचे अपूर्णांक पक्के करून घ्या. मग दशांश घेऊन प्रयोग पुन्हा, होळीच्या आत. नाहीतर वर्ष गेलं समजा."

मी निकुंजना बजावलं, "या वेळी जीव ओतून शिकवा. दया दाखवलीत तर तोंड बघणार नाही."

"आणि जिंकलो तर?"

"तर... पप्पांना भेटायला या. पण आधी जिंका."

त्यांच्या वर्गातलं हसणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि माझी पोरंसुद्धा तिकडेच कान लावायची. होळीच्या चार दिवस आधी निकाल लागला. ब तुकडी सहा गुणांनी पुढे. नवी पद्धत सरस ठरली नाही, असं मी माझ्या हातानं लिहिलं. पंड्यासरांनी वाचलं आणि सही केली.

रविवारी निकुंज आमच्या ओसरीवर बसले होते. पप्पांनी चहा पुढे केला. "बोला साहेब, काय काम काढलंत?"

वर्गात एवढा बोलणारा माणूस म्हणाला, "चहा... चहा छान झालाय." शेवटी मीच पुढे झाले.

"पप्पा, यांनी मला हरवलंय. सरळ, काही न लपवता. मला हाच माणूस हवा."