गाठ सैल केली नाही

"सिस्टर, पुढे बसा. मागे दोर नि ग्रीस आहे, साडी काळी होईल."

पहाटेच लालबागच्या गॅरेजसमोर सहा जीप उभ्या होत्या. शेवटची सामानाची, आणि ती चालवणारा मेकॅनिक हा... गुणाजी. १९८३चा दसरा नुकताच झाला होता. गिरगाव-दादरच्या हौशी लोकांचा एक जीपक्लब मुरबाडपुढच्या अवघड घाटवाटेनं गाड्या चढवायला निघाला होता. क्लबातल्या डॉक्टरांना ऐनवेळी जमलं नाही, म्हणून त्यांनी औषधांची पेटी देऊन मला पाठवलं. परळला त्यांच्याच हॉस्पिटलात मी नर्स होते.

"आज ड्युटी नाही. सुभद्रा म्हणा."

"बरं झालं."

"का?"

"सिस्टर म्हटलं की... बहीण होते ना."

हसू दिसू नये म्हणून मी बाहेर बघत राहिले.

वाटेत कळलं, तो मूळचा मिलमधला फिटर, गॅरेजचं काम संप सुरू झाल्यापासूनचं. संपाला पावणेदोन वर्षं होत आली होती. "भोंगा वाजत नाही, तर आई पहाटे तीनतीनदा उठून घड्याळ बघते," तो म्हणाला.

घाटात डांबर संपलं, लाल चिखल सुरू झाला. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. चारी चाकांना जोर दिला की जीप घोरपडीसारखी वर सरकायची.

"घट्ट धरा."

"कशाला?"

"दांड्याला. मला धरलंत तर स्टिअरिंग सुटेल..."

माझे कान तापले. इतक्यात पुढून आरडाओरडा ऐकू आला.

एका चढावर क्लबाची जीप दरीच्या कडेला घसरून तिरकी अडकली होती. आत नवराबायको. गुणाजीनं तारेचा दोर बांधला, दोघांना बाहेर काढलं आणि चाकाखाली दगड लावायला तो वाकला. कडेची माती सुटली. जीप हातभर खाली आली, त्याच्या पायावर.

सगळ्यांनी मिळून ती उचलली. गुडघ्याखाली नुसता चेंदामेंदा, आणि रक्त थांबेना. मी मांडीला पट्टी बांधली, त्याच्याच खिशातला पाना अडकवून पिळली. रक्त थांबलं.

वाटेत सर्जन मिळाला नाही; परळला पोचायला सहा तास लागले. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"सुभद्रा... सैल कर गो. पाय जळतोय."

केव्हा 'तू' म्हणायला लागला, त्यालाही कळलं नसेल. इतका वेळ बांधलं तर पाय मरतो, हे मला माहीत होतं. सैल केलं तर तो मरेल, असंही वाटत होतं. मी पाना दोन्ही हातांनी धरून ठेवला.

पाय कापावा लागला.

तीन आठवडे मी त्याचं ड्रेसिंग केलं, पण नजरेला नजर दिली नाही. एका दुपारी तो म्हणाला, "आई गावाला चल म्हणते. देवगडला."

मग मला राहवेना. "गुणाजी, तुझा पाय मी घालवला. तू सैल कर म्हणत होतास..."

"मी शुद्धीत होतो. इतकं विनवलं, तरी सोडलं नाहीस." तो छताकडे बघत होता. "रोज तुझ्या चपलांची वाट बघतो मी. चालण्यावरून ओळखतो. म्हणूनच जातो. मिल गेली, पाय गेला, त्यात आणखी तुला कशाला ओढू?"

"जाऊ नकोस."

"नि राहू कुठे? आमची खोली तिसऱ्या माळ्यावर. कुबड्या घेऊन उतरू कसा, चढू कसा?"

"आमची तळमजल्यावर आहे," मी म्हणाले. "मी नि माझी आई, दोघीच असतो."

त्यानं छतावरची नजर माझ्याकडे वळवली.

"घरजावई म्हणतील."

"म्हणू देत. तुझ्या आईला पण घेऊन ये."

त्यानं चादर तोंडावर ओढली. आतून खांदे हलत होते. नर्सनं पेशंटच्या खाटेवर बसायचं नसतं, वॉर्डाचा कडक नियम. मी पडदा ओढून घेतला... आणि बसले.