अहो, या ना

दिवा जरा अलीकडे घे, तुझा चेहरा दिसू दे मला. मागची खोली उघडत का नाही, असं तू सकाळपासून दोनदा विचारलंस. सांगते. पण मध्येच 'मावशी, तुला भास झाला असेल' असं म्हणू नकोस. एकतीस वर्षं मी वॉर्डात सिस्टर होते. भास होणाऱ्या माणसांच्या उशाशी बसून रात्री काढल्यात. भास कसा असतो ते मला ठाऊक आहे.

तुझे काका गेले त्याला तेवीस दिवस झाले होते. सकाळी ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला. "तुमचं पार्सल आलंय. वजन आहे, टेम्पो घेऊन या." मला आधी काही उमजेना. मग एकदम आठवलं. लेथ. लाकूड कातायचं मशीन.

तुझे काका नकाशे काढायच्या कचेरीत होते. "जन्मभर सरळ रेघा मारल्या, आता काहीतरी गोल करायचंय," म्हणायचे. निवृत्त व्हायच्या आधीच मशीन पसंत करून ठेवलं होतं. पटाश्या आणून तेल लावून कापडात गुंडाळल्या होत्या. समोरच्या रस्त्यावरचं तुतीचं झाड तारांना लागतं म्हणून तोडलं, तर त्याचा ओंडका ढकलत ढकलत घरी आणला, आणि तडे जाऊ नयेत म्हणून दोन्ही तोंडांना मेण फासून ठेवला. आणि मग एका मंगळवारी बसच्या रांगेत खाली बसले, ते उठलेच नाहीत.

लेक फोनवर म्हणाली, "आई, परत पाठव ते. काय करणार आहेस तू त्याचं?"

"बघते," म्हटलं. पण परत पाठवायला मन होईना.

भाऊजींना बोलावलं. माझे धाकटे दीर, तुला माहीत आहेत, लिफ्ट दुरुस्त करायचे. लांबट, अरुंद अशी ती मागची खोली आम्ही दोघांनी रिकामी केली. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला अंगणात उतरायचं दार. मशीन खिडकीखाली ठेवायचं ठरलं, म्हणजे काम करताना पाठ दाराकडे. भाऊजींनी माहितीपुस्तक उघडलं, उलटसुलट करून पाहिलं आणि मिटून टाकलं.

"वहिनी, हे वाचून जोडलं तर संध्याकाळपर्यंत पंखा तयार होईल."

यांच्या जाण्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

दोन दिवस गेले. लोखंडी पाय फरशीत बोल्टने आवळले. पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत खाली पत्र्याच्या चकत्या सरकवल्या. खालच्या फळीवर वाळूची दोन पोती टाकली, मशीन नाचू नये म्हणून. शेवटी लाकूड ज्यांच्यामध्ये धरायचं ती मशीनची दोन्ही अणकुचीदार टोकं एकमेकांजवळ आणली. सुईला सुई भिडावी तशी ती भिडली, तेव्हा भाऊजी म्हणाले, "झालं. आता पहिला वाडगा काढा. मला दाखवल्याशिवाय वापरायचा नाही."

तुतीचा एक तुकडा त्यांनी गोलसर कापून, लोखंडी तबकडीला स्क्रूने घट्ट बसवून दिला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी चेहऱ्यावर काचेचं झाकण चढवलं, पन्हळीसारखी खोलगट पटाशी घेतली आणि बटण दाबलं. लाकूड फिरायला लागलं. आवाज कसला, म्हातारं माणूस झोपेत घोरतं तसा. मी पटाशी टेकवली मात्र, ती लाकडात रुतली, हातातून हिसकली गेली आणि दणकन भिंतीवर आदळली. मनगट झिणझिणलं. मशीन बंद केलं, आणि त्या खोलीत, भर दुपारी, मी रडले. तोंडातून निघून गेलं, "अहो, या ना... मला नाही जमत हो हे."

कुणी आलं नाही. मी दार ओढून घेतलं आणि पडले.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुन्हा तेच म्हटलं, "अहो, या ना." पटाशी मशीनच्या टेकूवर ठेवली. आणि माझ्या उजव्या हातावर एक हात आला.

दिसला नाही. दिसत काहीच नव्हतं, माझाच हात, माझीच बांगडी. पण वजन कळत होतं. ऊब कळत होती. त्या हाताने माझी मूठ खाली ओढून कमरेला टेकवली. मग डाव्या हातावर दुसरा. धारेची पाठ आधी नुसती लाकडावर घासू दिली, मग माझी मूठ केसभर वर उचलली... आणि पटाशीतून ओलं, पिवळं छिलकं सुटलं. लांबच लांब, फितीसारखं. खांद्यावरून मागे जाऊन पडलं. खोलीभर कच्च्या लाकडाचा आंबूस वास पसरला.

मी घाबरले नाही. खरं सांगते, मी सुखावले. पाठीशी कुणी उभं असलं की पाठीला कळतं. संसार केलेल्या बाईला तर कळतंच. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. वाटलं, वळले तर जातील.

चार दिवस असं चाललं. दुपारी दोनला जायचं, "या ना" म्हणायचं, वाट बघायची. कधी लगेच यायचे ते हात, कधी पाच मिनिटांनी. हळूहळू लाकडाच्या आतून वाडग्याचं पोट बाहेर आलं. मी कुणाला बोलले नाही. सकाळी केसांना तेल लावायला लागले. भाजीवाली म्हणाली, "बाई, आता जरा माणसात आल्यासारख्या दिसता."

पाचव्या दिवशी भाऊजी आले. वाडगा बाहेरून झाला होता, आतून पोखरायचा बाकी होता. त्यांनी तो हातात घेतला, अंगठा फिरवला, खिडकीच्या उजेडात धरला.

"वहिनी, हे तुम्ही केलंत?"

"मग काय तुमच्या लिफ्टने केलं?"

"तसं नव्हे. आमच्या लिफ्टच्या कारखान्यात लेथवर काम करणारे एक कातारी होते. त्यांचा हात असा बसायला दहा वर्षं लागली होती."

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. ते ऐकत होते, समोरचा चहा गार होत होता.

"दादा येतो, म्हणता?"

"मग दुसरं कोण येणार?"

त्यांनी वाडगा सावकाश खाली ठेवला. "रागावू नका वहिनी... पण दादाने कधी लेथला हात लावला होता का? भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी मला फोन करायचा. हे सगळं त्याला शिकायचं होतं. शिकला नव्हता तो."

मी वाडगा उचलून मांडीत घेतला.

भाऊजींनी अगदी हळू, लहान मुलाने विचारावं तसं विचारलं, "मेल्यावर माणूस नवीन काही शिकतं का हो?"

त्या रात्री मला झोप लागली नाही हे सांगायला नको. सकाळी ठरवलं, खात्री करायची. दोन वाजता खोलीत गेले. भाऊजींनी वाडगा उलटा फिरवून, तोंड माझ्याकडे येईल असा बसवून दिला होता. मशीन चालू केलं. नेहमीसारखं म्हटलं, "या ना." हात आले. मधोमध पहिला खळगा पडला, आणि मी बटण बंद केलं.

लाकूड थांबलं. आवाज थांबला. हात तसेच होते.

मी माझा उजवा हात उलटा केला आणि तो हात हातात घेतला. यांचा हात कसा होता? मऊ, लांब बोटांचा. मधल्या बोटाला पेन्सिलीचा घट्टा तेवढा. सिनेमात, बसमध्ये, दवाखान्यात, किती वेळा धरला असेल. आणि हा... हा तळवा जुन्या वहाणेच्या तळासारखा होता. बोटं आखूड, जाड. अंगठ्याचं पेर वाकडं जुळलेलं. कधीकाळी मोडून तसंच राहिलेलं.

एकतीस वर्षांची सवय, गं. माझी बोटं आपोआप मनगटावर गेली. मेलेल्या माणसाला नाडी नसते. याला होती. पण इतकी सावकाश, की एक ठोका झाल्यावर वाटावं, आता दुसरा येत नाही. मग यायचा.

"कोण... कोण आहात तुम्ही?"

त्या हाताने माझी बोटं आपल्या मनगटावरून सोडवली. न रागावता. एकेक करून ती पुन्हा पटाशीच्या मुठीवर ठेवली. काम अर्धं राहिलंय, असं म्हणावं तशी.

मी खोलीतून कशी बाहेर आले ते आठवत नाही. स्वयंपाकघरात उन्हात जाऊन बसले. आणि बसल्या बसल्या एक गोष्ट लख्ख कळली. लग्न झाल्यापासून मी यांना कधी नावाने हाक मारली नाही. 'अहो' म्हणत आले. त्या खोलीतही 'अहो, या ना' एवढंच म्हटलं. आता सांग, 'अहो' म्हणजे कोण? कुणीही. ज्याला कित्येक वर्षांत कुणी 'या' म्हटलेलं नाही, त्याने ती हाक ऐकली, तर तो का येणार नाही? त्याचं तरी काय चुकलं?

संध्याकाळी भाऊजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मशीन उद्याच काढून नेतो."

"न्या," म्हटलं. "पण आधी हा वाडगा मी पुरा करणार. माझ्या हाताने. नाहीतर ते म्हणतील, हिने अर्धवट टाकलं."

"कोण म्हणेल?"

"तुमचे दादा," मी म्हटलं. पण माझं मलाच नीट कळलं नाही, मी कुणाबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी भाऊजी दाराच्या पायरीवर, अंगणाकडे तोंड करून बसले. हातात वर्तमानपत्र होतं, पण पान उलटल्याचा आवाज काही आला नाही. मी आधी खोली झाडून घेतली. फरशी स्वच्छ केली. मग मशीनपाशी उभी राहून मोठ्याने म्हटलं, "आज कुणी येऊ नका. माझं काम मी करीन. तुम्ही शिकवलंत, उपकार आहेत तुमचे. पण आता पुरे."

आणि कुणी आलं नाही. हातावर नुसती हवा.

दोन तास लागले. पटाशी दोनदा अडकली, एकदा हादऱ्याने दात वाजले. आतली बाजू खडबडीत झाली, तळाशी एक वाकडी कड राहिली. बाहेरून पाहावं तर बसलेल्या हाताचं काम, आतून पाहावं तर नवशिकीचं. पण माझं. मशीन बंद केलं, झाकण वर केलं, घाम पुसला. किती दिवसांनी वाटलं, की आपण एकटे आहोत, आणि एकटं असणं तितकंसं वाईट नाही.

"भाऊजी," मी म्हटलं, "बघा तरी."

ते उठले. वळले. वाडग्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते खाली फरशीकडे बघत होते.

"वहिनी," ते म्हणाले. आवाज असा, की जणू खोलीत कुणी झोपलंय. "वहिनी... मागे सरकू नका. भिंतीच्या कडेकडेने या. हळू... असं."

"काय झालं?"

"या तुम्ही आधी."

मी भिंतीला पाठ लावून दारापर्यंत आले, त्यांच्या शेजारी उभी राहिले, आणि मग पाहिलं.

दोन तास छिलकं उडत होती. खोलीभर पिवळा, ओला थर साचला होता, दारापर्यंत. मशीनसमोर, जिथे मी उभी होते, तिथे माझ्या दोन पावलांपुरती फरशी उघडी होती. ते ठीकच. त्याच्या मागे, हातभर अंतरावर, आणखी दोन पावलांची जागा उघडी होती. रुंद, आखूड पावलं. तिथे छिलकं पडलीच नव्हती, कारण तिथे कुणीतरी उभं होतं.

हात लावला नव्हता त्याने. मी नको म्हटलं होतं ना. नुसता उभा राहिला होता.

पण त्याच्या मागे आणखी दोन होती. त्यांच्या मागे आणखी. लहान, मोठी, एक जोडी तर अगदी लहान मुलाची असावी तशी. एकामागे एक, सरळ रांगेत, दवाखान्याच्या खिडकीपुढे माणसं उभी राहतात तशी. मशीनपासून थेट दारापर्यंत. शेवटची जोडी उंबऱ्याच्या आत होती, भाऊजी पाठ करून बसले होते तिथून वीतभर. अकरा जोड्या. मी दोनदा मोजल्या.

भाऊजी दार ओढायला लागले. मी त्यांचा हात धरला.

"थांबा जरा," म्हटलं. आणि दारातूनच वाकून एकेक पाऊल पाहू लागले. इतकी वर्षं यांच्या चपला दारात पाहिल्या होत्या, ओल्या पावलांचे ठसे फरशीवरून पुसले होते. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. पुन्हा शेवटपासून.

त्यात यांची कुठली, की यांची नव्हतीच, मला ओळखता आलं नाही.