दोन पत्र्यांमधली ओल

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीच्या घरात घडली आहे. खोटं बोलायचं नाही हा माझा रोजचा नेम, आणि तो मी एका भयकथेपायी मोडणार नाही.

जेवत असाल तर मात्र आधी जेवून घ्या.

गेल्या उन्हाळ्यातली, एका मंगळवारची भर दुपार. गावाबाहेरच्या वसाहतीतलं बैठं घर. वर पत्र्याचं छप्पर.

मावसबहिणीला सगळे धाकटी म्हणतात. धाकटीच्या सासूबाई मोठ्या दुखण्यातून उठल्या होत्या. उठल्या म्हणजे काय, खाटेवर उशीला टेकून बसू लागल्या होत्या एवढंच. हाडांवर नुसती कातडी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "औषधांचं काम संपलं. आता पोटात अन्न गेलं, तरच या राहतील."

आणि सासूबाई तोंड उघडत नव्हत्या.

त्या दुपारी धाकटीने मऊ भात दुधात कालवला, ताट त्यांच्यापुढे धरलं आणि चमचा भरला.

टप्...

भाताच्या मधोमध थेंब पडला. गंजाच्या रंगाचा.

"बघ," सासूबाई पुटपुटल्या. "रोज पडतो. सांगायला गेले की म्हणतेस, आईंना नखरे सुचतात."

धाकटीने वर पाहिलं. दोन महिन्यांत पावसाचा टिपूस नव्हता. खोलीची भट्टी झाली होती.

ती चमच्याने थेंब काढायला गेली. तो सुटेना. तार धरून चमच्याबरोबर वर आला...

बोटाला लागला. कोमट होता. उन्हात तापलेल्या पाण्यासारखा नाही, कुणाच्या तरी अंगातून आल्यासारखा.

वास आला. आठवडाभर चूळ न भरलेल्या तोंडाचा.



तिने ताट बाहेर नेलं. थेंब थांबला. दुसरं ताट वाढून आणलं.

टप्... टप्...

ताट नसलं की खोली कोरडी. ताट आलं की ओल.

संध्याकाळी नवऱ्याने खाट भिंतीकडे ओढली. थेंबही भिंतीकडे आला. मग आईला खाटेसकट बाहेरच्या खोलीत नेलं. तिथे एक वेळ बरी गेली. दुसऱ्या जेवणाला... टप्.

आणखी एक गोष्ट धाकटीच्या लक्षात आली. पत्र्याचं छप्पर ऊन उतरलं की वाजतं. निवताना कडकड करतं, सवयीने ते ऐकूही येत नाही. आता सगळीकडचा पत्रा वाजायचा. खाटेच्या वरचा तेवढा वाजत नव्हता.

तिथून दुसराच आवाज यायचा. अगदी हलका. मिटक्या मारल्यासारखा...

चार दिवसांनी पत्रेवाला आला. बोलघेवडा माणूस. शिडीवरूनच सुरू झाला, "अहो, हे तर दोन थर आहेत!"

"जुना काढायचा म्हणजे केवढा पसारा," नवरा म्हणाला. "म्हणून जुन्यावरच नवा ठोकून घेतला होता."

"मळक्या अंगावर इस्त्रीचा शर्ट. छान. साहेब, चांगला पत्रा तीस-चाळीस वर्षं जातो, पण वर्षातून एकदा धुवावा लागतो. पानं काढा, स्क्रूखालची रबरं बदला. कधी वर चढलात?"

"मला उंचावर चक्कर येते."

"चक्कर तुम्हाला, आणि भोगतोय पत्रा." मग धाकटीला म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. पत्र्याला घाम सुटतो. जेवणाची वाफ वर जाते, थंड पत्र्याला लागते, पाणी होतं."

"थंड पत्रा? भर दुपारी?"

तो वळून स्क्रू काढायला लागला.

आतल्या खोलीवरचा पहिला पत्रा निघाला. दोन थरांमध्ये चार बोटांची फट. फटीत असतं ते सगळं होतं. उंदराच्या लेंड्या, वाळकी पाल, कुजून काळी पडलेली पानं.

पण त्या घाणीतून एक पट्टा गेला होता.

स्वच्छ. गंज नाही, धूळ नाही. चाटून पुसून ठेवलेल्या ताटासारखा लखलखीत... आणि ओला.

पट्टा खाटेच्या जुन्या जागेवरून निघाला होता. तिथून भिंतीकडे. भिंतीवरून बाहेरच्या खोलीकडे.

पत्रेवाल्याने बोट लावलं. बोटाबरोबर तार आली. त्याने बोट नाकाशी नेलं आणि शिडीवरूनच भडाभडा ओकला.

त्यानंतर तो एकदाही हसला नाही. एकेक पत्रा उचलत पट्ट्यामागे बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. शेवटच्या पत्र्याला हात घालण्याआधी ओरडला, "खाली कुणी आहे का? आजींना हलवा आधी."

धाकटी आत धावली.

सासूबाई उशीवर मान मागे टाकून वर बघत होत्या. जुन्या पत्र्यात स्क्रूचं एक भोक होतं, त्याच्या बरोबर खाली.

तोंड उघडं होतं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. सताड.

वर पत्रा करकरला...

भोकातून काहीतरी जाड, लांब, ओघळत आलं. थेंब नव्हता तो.

गटक.

सासूबाईंनी ओठ मिटले. पुसले. म्हणाल्या, "भूक लागली गं."

वर फटीत काहीच सापडलं नाही. पट्टा खाटेवर येऊन संपला होता. पत्रेवाल्याने दोन्ही थर काढले, नवा पत्रा घातला. जुने पत्रे भंगारात घालायला न्यायचं आधी ठरलं होतं. त्याने ते नेले नाहीत. आवारातच टाकून गेला.

छप्पर आता कोरडं आहे. सगळीकडे सारखं वाजतं.

सासूबाई जेवतात. तीन वेळा, पाच वेळा, मागून मागून. अंग भरलंय. डॉक्टर म्हणाले, सुनेने माणूस परत आणलं. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण भरवते धाकटी. चमचा तोंडाशी जायच्या आधीच सासूबाईंच्या ओठाच्या कोपऱ्यातून तार सुटते आणि तिच्या मनगटावर पडते. गंजाच्या रंगाची, कोमट. तोच वास. साबणाने घासून घासून तिच्या मनगटाची सालटं निघालीत.

भरवणं थांबवलं तर माणूस जाईल. आणि भरवतोय ते कुणाला, हे तिला कळत नाही.

परवा ती केस विंचरायला त्यांच्यापाशी बसली. जेवणं होऊन गेली होती. खोलीत ताट नव्हतं, वाटी नव्हती, काही नव्हतं. धाकटी तेवढी होती.

सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे मायेने पाहिलं. बराच वेळ.

टप्...

आता मी रोज फोन करते. खुशाली नंतर. आधी एकच विचारते, सासूबाई पोटभर जेवल्या ना?