चौथं कापड

हे मी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. नव्या काकूने माझं मनगट धरून तसं कबूल करून घेतलं होतं. पण तेव्हा तिने ते डाव्या हाताने धरलं होतं. आता ती सगळं उजव्या हाताने करते. म्हणून सांगते. दार लोटून घे, आणि हळू बोल. ती बाहेरच बसली आहे.

काकांच्या हॉलमधली खिडकीजवळची खुर्ची तू येताना पाहिलीस ना? लाकडी हातांची, गादीची. आधीची काकू त्या खुर्चीत बसायची. लहानपणी मी गादीच्या भोकातून काथ्या उपसून फ्रॉकच्या खिशात भरायचे, म्हणून ती मला खारू म्हणायची. तिच्याशिवाय कुणीच नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि तिच्याबरोबर ते नावही गेलं.

खुर्ची मात्र राहिली. काका समोर स्टूल ओढून चहा प्यायचे आणि बोलायचे ते खुर्चीकडे बघून. नवी काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून "हं, हं" करायची. लग्नाला चार महिने झाले, तरी हेच. घरी कुणी नसताना एकदा तिने त्या खुर्चीत बसून पाहिलं होतं. गादीला खळगा पडला होता आणि तो तिच्या मापाचा नव्हता. दुसऱ्याची चप्पल पायात आल्यासारखं वाटलं, म्हणाली.

शेवटी तिने विषय काढला. "अहो, ही खुर्ची काढून टाकू या का? कापड विरलंय, स्प्रिंगा टोचतात. नवी घेऊ."

काका हसले. "टोचतात तुला. अगं, भंगारवाल्याकडून आणली तेव्हा नुसता सांगाडा होता. लाकूड आणि मधे हवा. तिने एकटीने उभी केली. आधी हिरवं कापड लावलं, काही वर्षांनी त्याच्यावर निळं, मग हे तपकिरी. काय हात होता तिचा!"

ते शेवटचं वाक्य काकूला झोंबलं. दुपारी भाजी निवडताना मला म्हणाली, "मेलेल्या बाईशी भांडता येत नाही बघ. जिवंत सवत असती तर चार भांडी तरी आपटली असती." मी हसले, पण तिचा चेहरा बघून मधेच थांबले.

काका चार दिवसांसाठी बाहेरगावी गेले, आणि तिने ठरवलं की खुर्ची टाकायची नाही. आपणच करायची. इतकी सुरेख, की ते परत येतील तेव्हा म्हणतील, काय हात आहे तुझा. एवढंच हवं होतं तिला. त्या घरात बसायला एक जागा आणि हे एक वाक्य.

पिवळं, बारीक पानांचं कापड आणलं तिने. ताग्याच्या टोकाचं, म्हणून कडेला एक पान उलटं छापलेलं. "माझ्यासारखंच. उलट्या हाताचं," ती म्हणाली, कारण ती डावखुरी होती. खिळे उपटायची पकड आम्ही कोपऱ्यावरच्या गादीवाल्या आजोबांकडून मागून आणली. ते म्हणाले, "लाकूड दिसेपर्यंत सगळं काढायचं, बाई. आळस करून जुन्यावर नवं चढवलं, तर खालचं वरच्याला नीट बसू देत नाही."

"माझ्या घरात तेच चाललंय," काकू पुटपुटली. आजोबांना ते ऐकू गेलं नाही.

पहिल्या दिवशी तपकिरी कापड उतरलं. प्रत्येक खिळा उपटताना लाकडातून असा आवाज निघायचा, जसं झोपलेल्या माणसाला उठवल्यावर तो कण्हतो. खिळे जोडीजोडीने ठोकलेले होते, दोन जवळ, मग तीन बोटांचं अंतर, मग पुन्हा दोन. टाके सगळे उजवीकडे झुकलेले, वळणदार अक्षरासारखे. काकू शिवणीवरून नख फिरवत चूक शोधत होती. "एक टाका तरी वाकडा असेल ना गं..." मीही शोधला. नव्हता. गादीच्या डोक्याकडच्या भागाला अजून केसांच्या तेलाचा वास येत होता. काकूने ते कापड दोन बोटांत धरून थेट कचऱ्यात टाकलं.

मग तिचं लक्ष खुर्चीच्या उजव्या हाताकडे गेलं. तिथं लाकूड चार ठिकाणी झिजून खोलगट झालं होतं. आधीच्या काकूची बोटं तिथं विसावायची. नव्या काकूने आपली बोटं ठेवून बघितली. आखूड पडली. तिने काचकागद घेतला आणि दुपारभर घासलं, भुशाने पापण्या पांढऱ्या होईपर्यंत. लाकूड काचेसारखं सपाट झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले, तर चारही खळगे होते तिथंच होते.

"लाकूड फुगलं असेल," काकू म्हणाली. निळं कापड काढून झाल्यावर तिने पुन्हा घासलं. या वेळी तिच्या बोटांची सालटं निघाली. तिसऱ्या दिवशी खळगे परत आले होते. तिने गंमत म्हणून, की मुद्दाम, पुन्हा बोटं ठेवली.

या वेळी बोटं बरोबर बसली.

तिने हात पटकन काढला आणि मी पाहिलं का ते बघितलं. मी खाली बघून खिळे वेचत होते.

त्या दुपारी हिरवं कापड निघालं. तीन झाली. आता काथ्या आणि लाकूड दिसायला हवं होतं. पण खाली अजून एक कापड होतं. कसर लागलेलं, जागोजागी विटलेलं.

"काका म्हणाले होते ना, आधी नुसता सांगाडा होता?" मी विचारलं.

 काकूने ओल्या फडक्याने धूळ पुसली. खालून फिकट पिवळा रंग आला. मग बारीक पानं. ती उठली, पिशवीतून नवं कापड काढलं आणि त्याच्या शेजारी धरलं. तीच पानं, तीच वेल. जुन्या कापडाच्या कडेला एक पान उलटं छापलेलं होतं.

मी वाकून शिवण बघितली. टाके सगळे डावीकडे झुकलेले होते. दोऱ्याची टोकं कात्रीने कापलेली नव्हती, दातांनी तोडलेली होती, चघळलेली. दोरा दाताने तोडणारी आमच्या घरात एकच होती, नवी काकू.

"हे मी शिवलंय..." काकू म्हणाली. "पण मी तर अजून..."

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. कुईं. मधल्या स्प्रिंगा दबलेल्या होत्या. आम्हाला आधी ते कळलंच नव्हतं, कारण खुर्चीत तर कुणीच नव्हतं. त्या सावकाश वर आल्या, एकेक करून, कुणीतरी हातांवर भार देऊन उठावं तशा.

तेव्हा तिने माझं मनगट धरलं. "काकांना सांगू नकोस. कुणालाच नको. मी हे सगळं लाकडापर्यंत काढणार आहे. आजच. तू घरी जा..."

मी गेले. तिला एकटीला सोडून गेले.

चौथ्या दिवशी खुर्ची तयार होती. पिवळंधमक कापड, कुठे सुरकुती नाही. खिळे जोडीजोडीने. टाके उजवीकडे झुकलेले. नवी काकू खुर्चीत बसली होती, सुई उजव्या हातात.

"खालचं कापड काढलंस ना, काकू?"

"कुठलं खालचं?" ती म्हणाली आणि कात्रीने दोरा कापला.

संध्याकाळी काका आले. खुर्चीभोवती दोनदा फिरले, कापडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "काय हात आहे तुझा!" मग स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. तिला हवं होतं ते सगळं झालं. फक्त तेव्हा तिच्या जागी कोण बसलं होतं, ते मला कळत नाही. कारण दुपारी सगळे झोपल्यावर मी खुर्चीजवळ बसते, तेव्हा गादीच्या आतून बारीक आवाज येतो. कट. जरा वेळाने पुन्हा. कट. कुणीतरी दाताने दोरा तोडतंय...

"खारू!"

ऐकलंस? हे नाव मी तिला कधीच सांगितलेलं नाही. काकांनाही माहीत नाही.

"खारू, कुणाशी गं एवढं कुजबुजतेस? ये इकडे, सुईत दोरा ओवून दे. आणि ये, बस जरा माझ्याजवळ."

"आले, काकू..." ऐक, मला उशीर झाला तर काकांना बोलावू नकोस. कात्री घे, खुर्ची उलटी कर, आणि ज्या शिवणीचे टाके डावीकडे झुकलेत, तीच उसव...