झाकणाचा दगड

कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा माझा आग्रहही नाही. पण एका दगडाने एक लग्न जमवलं, हे मी शपथेवर सांगतो.

जमिनीत खोल भोकं पाडणारा ड्रिलर प्रयोगशाळेत शिरला तो पाठीने दार ढकलत, कारण दोन्ही हात गुंतलेले. तिथली खडक तपासणारी चाचणीवाली नेमकी तेव्हाच बाहेर निघालेली. धडक झाली. त्याने छातीशी धरलेलं गाठोडं आणखी आवळलं.

"बाळ कोणाचं?" तिने विचारलं.

"जमिनीचं. वय कोटींत आहे, पण अजून मान धरत नाही... सांभाळून घ्या."

आत करड्या खडकाचा लांबट तुकडा होता, वरून मेणाचा जाड थर. कारखान्यांच्या धुराड्यांतला कार्बन डायऑक्साइड पकडून खोल जमिनीखाली, वाळूच्या सच्छिद्र दगडात कोंडायचा बेत होता. त्या दगडावर हा करडा खडक झाकणासारखा बसलेला. झाकण पक्कं निघालं तर काम पुढे. गळकं निघालं तर सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा. मेण अशासाठी, की खडक जन्मभर ओलीत राहिलेला. उघडा पडला की वाळतो, तडकतो.

"फार चिकटतं हो हे मेण," ती बोटं पुसत म्हणाली.

"मग पुढच्या वेळी मी..."

"पुढच्या वेळी येणार आहात?"

"तुकडे दोनच आहेत, मॅडम. दुसरा लागला तर..."

"अस्सं," ती म्हणाली, आणि हसली. ड्रिलरला खडकांतलं सगळं कळायचं. हे हसणं काही कळेना.

मग त्या येड्याने काय करावं? ती जेवायला गेल्यावर गुपचूप सगळं मेण खरवडलं, तिची बोटं चिकट व्हायला नकोत म्हणून, आणि तुकडा उन्हाच्या खिडकीत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी चाचणी. तुकड्यावर पाणी, खालून वायूचा दाब. दाबाच्या चावीच्या पहिल्याच फिरकीला पाण्यात बुडबुडे!

"गळकं आहे," मोठे साहेब म्हणाले. "उद्या यंत्रं उचला."

चाचणीवालीचा चेहरा पांढराफटक. यंत्रं उचलायची म्हणजे ड्रिलरही जाणार, कायमचा. ती काही बोलणार, तोच तो पुढे झाला.

"साहेब, मेण मी खरवडलंय. तुकडा वाळून तडकलाय. खडकाचा दोष नाही."

साहेब भडकले. "दुसरा तुकडा गळला, तर तू घरी! आणि टिकला, तरी खोदकाम बंद. इथेच बसून दाबाचे काटे बघत राहायचं, जन्मभर!"

ड्रिलरने मान खाली घातली. हसू लपवायला.

दुसऱ्या तुकड्याचं मेण तिने शेवटच्या क्षणी, ओल्या फडक्याखाली काढलं. दाब वाढवला. बुडबुडा नाही. आणखी वाढवला. काटा शेवटाला टेकला, यंत्राचे पाय टेबलावरून उचलले गेले, टेबल चालत चालत दारापर्यंत पोचलं, पण दगड हूं की चूं करेना.

"एक विचारू?" यंत्राच्या धडधडाटात ड्रिलर ओरडला.

"यंत्र बंद करू द्या आधी!"

"नको! बंद केलंत तर मला धीर होणार नाही... लग्न कराल माझ्याशी?"

"हो!" ती ओरडली, आणि नेमकं तेव्हाच यंत्र आपोआप थांबलं. सगळ्या इमारतीने ऐकलं. साहेबांनीही. आणि तो दगड अजून त्या दाबाखाली—

"खोटं!" हातातलं वर्तमानपत्र आपटत आमची ही म्हणाली. ही म्हणजे तीच चाचणीवाली. "टेबल चाललं, यंत्र उडालं, तेही चालवून घेते. पण ड्रिलर माणूस तो खडक उन्हात ठेवेल? मेण मी खरवडलं होतं... दुसरा तुकडा घेऊन तुम्ही परत यावं म्हणून. आणि हे तुम्हाला त्या दिवशीही ठाऊक होतं!"