पुढचा प्रश्न बीडहून, परमेश्वर

हे लिहावं की नाही, यातच माझे पंधरा दिवस गेले.

मी बीडमध्ये लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीक विमा. माझ्या हातून एक अक्षर चुकलं तर माणसाच्या चार चकरा वाढतात. त्यामुळे अंदाजे लिहायची मला सवय नाही. खाली लिहिलंय ते घडलेलं आहे. तुमचा विश्वास बसला नाही तर मला बरंच वाटेल.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

गुरुवार होता, तेरा नोव्हेंबर. दुपारचे चार. जागा माझंच सेंटर, कोर्टाच्या मागच्या गल्लीतलं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि रिक्षावाले नेहमीसारखे नंबरावरून भांडत होते.

आम्ही तिघं होतो. मी, मनिषा. शेजारच्या बॅटरीच्या दुकानातला फिरोज. आणि मोहनराव, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. तिघांनाही एकच वेड होतं... एका छोट्या खाण कंपनीचे शेअर.

कंपनीचं नाव लिहीत नाही. खाण आपल्या राज्यात नाही, रेल्वेने एक दिवस आणि एक रात्र लागते. आमच्यापैकी कुणी ती पाहिली नव्हती. तरी रोज सकाळी सव्वानऊला आम्ही मोबाइल उघडून बसायचो. भाव वाढला की मोहनराव चहा सांगायचे, पडला की कडक उपास असल्यासारखे गप्प बसायचे. बोलताना आम्ही 'आपली खाण' म्हणायचो. हसू नका. दीडशे शेअर असले तरी मालकीण ती मालकीणच.

याच मालकीच्या तोऱ्यात मी माझ्या भावाला तिथे पाठवलं.

परमेश्वर माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, चोवीसचा. धर्मापुरीला आईजवळ राहायचा आणि बोअरच्या गाडीवर कामाला जायचा. जमिनीत भोक पाडायचं काम त्याला येत होतं. मी म्हटलं, आपल्या खाणीत जा, पगार चांगला आहे. मार्चमध्ये तो एका ठेकेदारामार्फत गेला.

खरं सांगते. त्याला काम लागलं याच्यापेक्षा आपला माणूस आत गेला, याचाच मला जास्त आनंद झाला.

तो दर रविवारी फोन करायचा. जेवलास का, हे विचारायच्या आधी मी विचारायची, आठवड्यात किती ट्रक बाहेर पडले? तो बिचारा मोजून सांगायचा. मी ते फिरोजला आणि मोहनरावांना सांगायची. आम्हाला वाटायचं, आपण मुंबईवाल्यांच्या पुढे आहोत.

जुलैमध्ये बातमी आली की खाणीत खाली एक नवा थर खोदायला घेतलाय. खरं असेल तर भाव दुप्पट होणार होता. मी परमेश्वरला विचारलं.

"ताई, तितं लई पानी हाय," तो म्हणाला. "आमची टोळी खाली जात न्हाई."

मी म्हटलं, एकदा बघून तरी ये. काम खरंच चालू आहे का आणि किती माणसं लावलीत, तेवढं सांग.

"बरं. शनवारी उतरतो. बघून सांगतो."

आमच्या तिघांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की नवा थर चालू झालाय. पाण्याचं लिहिलं नाही.

शनिवारी दोन ऑगस्ट होता. रविवारी त्याचा फोन आला नाही.

सोमवारीही नाही.

बुधवारी कंपनीने शेअर बाजाराला पत्र दिलं. खालच्या थरात पाणी शिरल्यामुळे काम काही दिवस बंद. सर्व कर्मचारी सुखरूप.

ठेकेदार म्हणाला, तुमचा पोरगा काम सोडून निघून गेला. मी आणि फिरोज तिथे जाऊन आलो. गेटच्या आत सोडलं नाही. हजेरीत असं नावच नाही म्हणाले. पोलिसांनी हरवल्याची तक्रार घेतली. आई म्हणायची, दिवाळीला येईल.

दिवाळी होऊन गेली.

मीच त्याला खाली उतरायला सांगितलं होतं, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

दर तीन महिन्यांनी कंपनीचे मोठे साहेब शेअरवाल्यांसाठी ठेवलेल्या एका कॉलवर येतात. शे-दीडशे लोक ऐकत असतात. प्रश्न विचारायचा असेल तर स्टार आणि एक दाबायचं, मग ऑपरेटर मुलगी एकेकाचं नाव पुकारते. तेरा नोव्हेंबरला तसाच कॉल होता आणि मला एकच विचारायचं होतं... दोन ऑगस्टला खाली किती माणसं होती? ठेकेदाराची धरून?

मोहनरावांनी आदल्या दिवशीच हात जोडले होते. त्यांची रिटायरमेंटची सगळी रक्कम त्याच शेअरमध्ये होती. "असलं कायबी इचारू नको, बाई. भाव एका दिवसात झोपंल." मी त्यांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. विचारायचं की नाही, हे चार वाजेपर्यंत माझंच ठरत नव्हतं. याची मला आजही लाज वाटते.

फोन स्पीकरवर ठेवला. साहेब अर्धा तास इंग्रजीत बोलले. मग प्रश्न सुरू झाले. मी स्टार आणि एक दाबलं.

पहिला प्रश्न मुंबईचा. दुसरा राजकोटचा.

मग ती मुलगी तिच्या त्या गोड इंग्रजीत म्हणाली...

पुढचा प्रश्न बीडहून, परमेश्वर.

फिरोजने माझ्याकडे बघितलं. मी मोहनरावांकडे.

फोनमधून काहीच आवाज येत नव्हता. मग... टप.

टप... टप...

पाणी होतं. खोल जागी, थेंब थेंब पडणारं.

मुलगी म्हणाली, तुमचा आवाज येत नाही, पुढे जाऊ या. इंदूरच्या कुणीतरी कर्जाबद्दल विचारलं. साहेब हसत उत्तर देत होते. मला वाटलं, नाव ऐकण्यात चूक झाली असेल. परमेश्वर नावाची माणसं बीडमध्ये पुष्कळ आहेत.

पुढचा प्रश्न... बीडहून, परमेश्वर.

या वेळी ठोकल्याचा आवाज आला. लोखंडी पाइपावर कुणीतरी दगड मारत होतं.

तीनदा. मग थांबलं.

परत तीनदा.

"मनिषा, बंद कर ते," फिरोज हळूच म्हणाला. त्याने फोनकडे हात नेला आणि तो हात तसाच राहिला. कारण तेव्हा आमच्या तिघांच्याही लक्षात आलं...

बाहेर काहीच वाजत नव्हतं.

कोर्ट सुटायची वेळ. समोर रिक्षा उभ्या होत्या, माणसं उभी होती, तोंडं हलताना दिसत होती. आवाज नव्हता. डोक्यावरचा पंखा फिरत होता, त्याचाही नाही. फक्त फोनमधलं पाणी ऐकू येत होतं.

कॉल तोडावा असं मनात आलं, पण हातच उचलेना.

मग मुलीने माझं नाव घेतलं. मनिषा, बीड. तुमची लाइन चालू आहे.

मी तोंड उघडलं...

"ताई."

अगदी जवळून. खोलीत इतर कामगार झोपलेले असले की तो तोंडावर हात धरून बोलायचा, तसा.

"ताई, बघितलं म्या. नवा थर चालू हाय. आमी सतरा जण हाव."

पाणी टपटपत होतं. तो थांबला होता, रविवारी ट्रकचा आकडा सांगून झाल्यावर थांबायचा तसाच.

"आजून काय बघू, ताई?"

मी ओरडलेच. हिंदीत, मराठीत, जे येईल ते. दोन ऑगस्टला खाली सतरा माणसं होती, माझा भाऊ त्यांच्यात होता, तो कुठे आहे ते सांगा. साहेब म्हणाले, सर्व कर्मचारी सुखरूप आहेत, हे आम्ही कळवलेलं आहे. वेळ संपली, असं मुलीने सांगितलं आणि कॉल बंद झाला.

तेवढ्यात बाहेरून एका रिक्षाचा हॉर्न ऐकू आला.

फिरोजला फक्त पाणी आणि ठोकणं ऐकू आलं होतं. बोलणं नाही. मोहनरावांना विचारलं, तर ते उठले आणि चपला न घालताच गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे शेअर विकले. मला भेटायला ते आजवर आलेले नाहीत.

आठवड्याने कंपनीने कॉलचं रेकॉर्डिंग टाकलं. त्यात परमेश्वरचं नाव एकदाही नाही. माझं आहे. त्याच्यापुढे अकरा सेकंद शांतता आहे आणि मग थेट वेळ संपल्याचं वाक्य.

मी पोलिसांना लिहिलं, कामगार खात्याला लिहिलं. सतरा हा आकडा टाकला. अर्जात एक रकाना होता, माहिती कुणाकडून मिळाली? इतकी वर्षं मी लोकांचे रकाने भरतेय. तो एक मी कोरा सोडला. अजून तरी कुणाचं उत्तर नाही.

जानेवारीत कंपनीने जाहीर केलं की खालच्या थरातलं पाणी उपसणं परवडणारं नाही, तो कायमचा बंद करणार. त्या दिवशी भाव वाढला.



मोहनरावांनी मला तोंड दाखवलं नाही, पण फोनवर काय ऐकलं ते घरी बायकोला सांगितलं होतं. तिचं माहेर धर्मापुरीकडचं, तिथून ते आईपर्यंत पोचलं. परवा आई पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मग मी तिला सगळं सांगितलं. पानी हाय असं तो म्हणाला होता, तरी मीच त्याला उतरवलं, हेही.

आईने फक्त विचारलं, पुढचा फोन कधी?

येत्या गुरुवारी आहे. बारा तारखेला, चार वाजता.

मी तिला खूप समजावलं. भास असेल म्हटलं, कुणाची तरी लाइन चुकून जोडली गेली असेल म्हटलं. तू बस घरी, मी ऐकून सांगते, असंही म्हटलं. ती ऐकत नाही. माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसणार आहे.

"मला लई न्हाई बोलायचं," ती म्हणते. "घरी ये, एवढंच म्हनायचं हाय."

परमेश्वरने आमच्या घरात कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही. मी जा म्हटलं, तो गेला.

गुरुवारी आई त्याला ये म्हणणार आहे... आणि मला त्याचीच भीती वाटतेय.