अंगठ्यातली दोरी

चंद्रावरून आलेला निरोप शाल्मलीने तीनतीनदा ऐकला, तरी तिला उलगडा होईना.

निरोप केतकीचा होता. केतकी चांद्रवसाहतीत राहणारी, शाल्मलीच्याच वयाची. चंद्रावर वजन पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकंच भरतं, त्यामुळे पोरांचे हातपाय आळसावतात. म्हणून तिथल्या शाळेने दोरीचा मल्लखांब सुरू करायचं ठरवलं आणि शाल्मलीच्या साताऱ्याच्या तालमीकडून तिथे शिकवणाऱ्या निकमबाईंच्या 'पारंबी'चा फोटो मागवला. तो पाहून केतकी म्हणत होती, "अगं, मांडीला नुसता वेढा आहे, बाकी तुमच्या बाईंनी दोरी कशानेच धरलेली नाही. हात सुटलेले, पावलं मोकळी. मी तसंच करून पाहिलं आणि आले की खाली. इथे सावकाश पडतो म्हणून निभावलं. बाई लटकल्यात तरी कशाच्या जोरावर?"

पारंबी ही बाईंनी स्वतः बसवलेली पकड. झोका घेता घेता दोरीचा एक वेढा मांडीला घालायचा, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमट्यात दोरी पकडायची आणि दोन्ही हात सोडून द्यायचे. ती बाईंखेरीज कुणालाच जमत नव्हती. झोका थांबला की चिमटा सैल पडतो, त्यामुळे खाली बसून ती दाखवताही येत नव्हती. आणि पुढच्या आठवड्यात बाईंच्या खांद्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यानंतर दोरीचं नाव काढायचं नाही. त्याआधीच्या रविवारी सकाळी एकदाच चढायची परवानगी त्यांनी कशीबशी दिली होती.

शाल्मलीने फोटो मोठा करून पाहिला. बाई अगदी सिनेमातल्यासारख्या दिसत होत्या. सुरकुत्या गायब, केस जागच्या जागी. फक्त अंगठ्यातली दोरी नव्हती.

"चिकू, इकडे ये," ती म्हणाली.

चिकू म्हणजे तालमीचा उडता कॅमेरा-रोबो, फळाएवढाच आणि तितकाच गोल. तो भिरभिरत आला. "फोटो उत्कृष्ट आहे. पायात काहीतरी अडकलं होतं, ती चूक मी काढून टाकली," त्याने अभिमानाने सांगितलं.

आता याला काय म्हणावं? शाल्मलीने त्याला उचलून खिशात टाकलं आणि थेट आबांचं घर गाठलं.

आबा म्हणजे तिचे आजोबा. उपग्रहांवरच्या दुर्बिणींची भिंगं घडवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातलं अर्धं कपाट भिंगांनी भरलं, आणि आजी त्यावरून अजून कुरकुरत होती. सगळं ऐकून ते म्हणाले, "चिकूवर रागावू नकोस. तो बिचारा उपाशी आहे."

"कॅमेरा उपाशी?"

"प्रकाशाचा उपाशी. आपल्या अंगणातला पारिजातक आठव. पहाटे खाली चादर अंथरली की फुलं टपटप पडतात. प्रकाशही तसाच पडतो, फोटॉनच्या (प्रकाशाच्या कणांच्या) रूपात. कॅमेऱ्याचं काम एवढंच, फुलं वेचायची. जास्त फुलं हवी असतील तर काय करशील?"

"मोठी चादर अंथरीन."

"ते झालं ॲपर्चर (भिंगातलं लहानमोठं करता येणारं छिद्र). आणखी?"

"जास्त वेळ अंथरून ठेवीन."

"तो शटरचा वेग (कॅमेऱ्याचं दार किती वेळ उघडं राहतं ते). पण दार उघडं असताना बाई हलल्या तर चित्र फरफटतं. आता चादरही लहान आणि वेळही कमी. ओंजळभर फुलांतच हार करायचा आहे, मग?"

"लांब लांब ओवायची. पण मधे दोरा दिसेल."

"शाब्बास. सेन्सर (प्रकाश टिपणारी पट्टी) जास्त संवेदनशील केला की असंच होतं. फोटो उजळतो, पण त्यात खरखरीत ठिपके येतात. चिकूचा डोळा हरभऱ्याएवढा, तालमीत अंधार आणि बाई झोक्यावर. त्याच्या हाती चार फुलं लागली. मग उरलेल्या जागी त्याने कागदाची फुलं ओवली, म्हणजे अंदाजाने चित्र रंगवलं. अंगठ्यात दोरी धरणारं माणूस त्याने कधी पाहिलंच नव्हतं."

"मला कागदी फुलं बंद करता येत नाहीत," खिशातून आवाज आला.

आबांनी कपाटातून आपला जुना कॅमेरा काढला. तो स्वतःच्या मनाने काही रंगवत नसे. सोबत दोन भिंगं ठेवली. एक हाताएवढं लांबलचक, दुसरं आखूड आणि रुंद तोंडाचं. शाल्मलीने अर्थातच लांब उचललं. ते गळ्यात घालून मिरवलं तर तालमीतल्या सगळ्या मुली बघत राहिल्या असत्या.

"ने आणि करून बघ," आबा एवढंच म्हणाले.

शनिवारी तालमीत दोरीला वाळूची पिशवी बांधून तिने झोके दिले आणि फोटो काढले. सगळे काळेकुट्ट. शटर सावकाश केलं तर पिशवीचा नुसता धूर. लांब भिंग लांबचं जवळ आणतं, पण त्याचं छिद्र लहान. पक्ष्यांसाठी उन्हात ते छान, इथे कुचकामी. तिने मुकाट्याने आखूड भिंग लावलं आणि दोरीच्या जवळ मातीत बसली. आता पिशवी दिसली, पण अजून धूसरच.

"मोठा दिवा लावू का?" तिने बघायला आलेल्या आबांना विचारलं.

"डोळ्यांवर झगझगाट आला तर दोरीवरचं माणूस चुकतं. त्यापेक्षा झोका नीट बघ. तो सगळीकडे सारखाच पळतो का?"

शाल्मली बघत राहिली. मधोमध पिशवी सुसाट जात होती. मग वर चढता चढता दमायची आणि टोकाला, परत फिरण्याआधी, जरा थबकायची.

"आबा, टोकाला तिचा वेग शून्य होतो. तिथे शटर सावकाश असलं तरी चालेल."

"ही नजर कॅमेऱ्याबरोबर विकत मिळत नाही," आबा म्हणाले आणि खूश होऊन तिच्या पाठीवर थाप मारली.

एक अडचण मात्र उरली. छिद्र मोठं केलं की प्रकाश भरपूर येतो, पण स्पष्टतेची पट्टी (फोटोत जेवढं अंतर रेखीव दिसतं ते) पातळ होते. एवढ्या जवळून बाईंचे पाय रेखीव आले, तर चेहरा धूसर येणार. चेहरा साधला, तर पाय जाणार. आणि टोकाला एका झोक्यात एकच क्षण.

शाल्मलीला बाईंचा चेहरा हवा होता. सहा वर्षांची असताना ती दोरीच्या मध्यावर जाऊन रडत बसली होती, वरही जाईना आणि खालीही येईना. तेव्हा बाई खाली हात पसरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू सावकाश ये, मी कुठं जात न्हाई." तिन्हीसांजेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. तो चेहरा तिला कायमचा जपून ठेवायचा होता. पण फोटो केतकीला हवा होता, आणि चेहऱ्याने दोरी धरता येत नाही.

रविवारी सकाळी बाईंनी दोरीला नमस्कार केला. शाल्मलीने झोक्याचं टोक जिथे येईल तिथे आधीच फोकस करून ठेवला आणि श्वास रोखला. बाई चढल्या, झोका वाढत गेला, दोरीचा वेढा बसला. पहिल्या टोकाला बाईंनी हात सोडलेच नव्हते. दुसऱ्या टोकाला शाल्मलीने घाईने बटण दाबलं आणि तिला तिथल्या तिथे कळलं की चुकलं. बाईंचा खांदा थरथरत होता. तिसऱ्यांदा दोरी वर गेली, मंदावली, थबकली. शाल्मलीने बटण दाबलं. बाई लगेच खाली उतरल्या आणि खांदा धरून बसल्या.

पडद्यावर फोटो आला तेव्हा मुली कुजबुजल्या, "बाईंचं तोंडच नीट आलं नाही."

खरं होतं. चेहऱ्याच्या जागी एक मऊ, सावळा गोळा होता. पण पाय लख्ख आले होते. भेगाळलेली टाच, वाकडं नख, अंगठ्याखालचा जुना घट्टा आणि त्याच्या चिमट्यात आवळलेली दोरी, तिच्या पिळासकट.

शाल्मली बाईंजवळ जाऊन बसली. "बाई, मला तुमचा चेहराच काढायचा होता. पण दोन्ही एकदम येत नव्हतं."

बाई बराच वेळ फोटो बघत होत्या. मग त्यांनी आपला पाय पुढे घेतला आणि अंगठ्यावरून हात फिरवला. "या पायानं मला जल्मभर धरलं, पोरी. मी कधी त्याच्याकडं बघितलंबी न्हाई. तू बघितलंस. लई उपकार झालं."

"उपकार कसले, बाई? ते तर तुमचे आहेत," शाल्मली म्हणाली आणि वाकून तिने बाईंच्या त्याच पायांना हात लावला.

ऑपरेशन नीट पार पडलं. पंधरवड्याने हात गळ्यात बांधलेल्या बाईंसमोर शाल्मलीने चंद्रावरून आलेली चित्रफीत लावली. तिथला झोका आपल्यापेक्षा जवळजवळ अडीचपट सावकाश असतो, त्यामुळे टोकाचं थबकणंही छान लांबतं. केतकी त्या टोकाला, दोन्ही हात मोकळे सोडून, खिदळत लटकत होती. तिच्यामागे आणखी मुलं आपल्या पाळीची वाट पाहत उभी होती.

बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. त्या पडद्याजवळ सरकल्या आणि आधी पाय निरखून पाहिले.

"बराबर धरलीय," त्या म्हणाल्या.